पेटीकाकूंची सिंफनी

बीथोवन या गृहस्थाचा चंद्रकांताला मनापासून राग आला, तेव्हा तिनं त्याचा एक सूरही ऐकलेला नव्हता. राग यायला सूर ऐकावे लागतातच असं नाही. शनिवारी दुपारी चार वाजता आपला व्हरांडा झाडून, सतरंजी अंथरून, पेटीवरचं फडकं काढून बसावं, आणि एकही मूल येऊ नये. समोरच्या ब्लॉकच्या पायरीवर मात्र चिमुकल्या चपलांचा खच पडलेला दिसावा, एवढं पुरतं.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. वीजकेंद्राच्या वसाहतीत सगळं सारखं असे. घरं सारखी, पडदे सारखे, नवऱ्यांच्या डब्यांचे आकारसुद्धा सारखे. त्यामुळे कुणाकडे काही वेगळं आलं की ते सगळ्यांच्या डोळ्यांत यायचं. चंद्रकांताचं वेगळेपण म्हणजे तिची पेटी. ती मूळची पालघरची, माहेरी भजनी मंडळात वाजवायला शिकलेली. दर शनिवारी ती वसाहतीतल्या मुलांना जमवून गाणी शिकवायची, आणि शारदोत्सवात मुलांचा कार्यक्रम बसवायची. तो कार्यक्रम तिनंच बसवायचा असं कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते पक्कं होतं. मुलं तिला पेटीकाकू म्हणत. तिला स्वतःला मूल नव्हतं. त्याविषयी ती कधी बोलत नसे. शनिवारी चार ते साडेपाच तर त्याची आठवणही येत नसे.

त्या सगळ्या मुलांत शेजारच्या सोजराबाईंची सुलू तिची खास. सहा वर्षांची, कुरळ्या केसांची, पुढचे दोन दात पडलेली. सोजराबाई सोलापूरकडच्या, त्यांच्या घरी सुलूच्या पाठीवर जुळी झाली होती, त्यामुळे चालता यायला लागल्यापासून सुलू चंद्रकांताच्याच ओट्यावर वाढली म्हटलं तरी चालेल. पेटीचा भाता मारायचा हक्क फक्त सुलूचा. तिची लय मुळीच बरी नव्हती, पण हक्क हा हक्क असतो.

आणि त्या शनिवारी ही सुलू फाटकाशी येऊन उभी राहिली, पायरी चढली नाही.

"काकू, मी आज पुष्पामावशीकडे जाते. तिथे बीथोवन आहे."

"कोण आहे?"

"बीथोवन. तो बहिरा आहे."

"मग त्याला तुमचं गाणं नक्की आवडेल," चंद्रकांता म्हणाली. पण हे बोलणं फुकट गेलं, कारण सुलू तोवर रस्ता ओलांडून गेलीही होती.

पुष्पलता म्हणजे समोरच्या ब्लॉकमधली. तिच्या नवऱ्याला ऑफिसनं काही महिने व्हिएन्नाला शिकायला पाठवलं होतं, आणि ही बरोबर गेली होती. ऐन पावसाळ्यात दोघं परत आली. येताना एक टेपरेकॉर्डर आणला, कॅसेटी आणल्या, गोल चॉकलेटं आणली, आणि 'आमच्या व्हिएन्नाला' हे दोन शब्द आणले. आमच्या व्हिएन्नाला दूध असं नसतं. आमच्या व्हिएन्नाला लोक रांगेत उभे राहतात. वाणगावला उतरून मिरच्या घ्यायला गेलं तरी पुष्पलताला व्हिएन्नाच्या मिरच्या आठवत, आणि तिथं मिरच्या होत्या की नव्हत्या हे तपासायला आपल्यापैकी कोण जाणार?

"तिच्याकडे चॉकलेटं असतात म्हणून जातात मुलं," चंद्रकांता रात्रीच्या जेवणाला बसताना नवऱ्याला म्हणाली.

"तू काय देतेस?" कमलाकांतनं विचारलं.

"खडीसाखर."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून त्यानं ताकाची वाटी तोंडाला लावली. हा माणूस वीजकेंद्रात दिवसभर मोठाल्या यंत्रांवर नजर ठेवायचा; घरातल्या यंत्राची वाफ कुठवर चढलीय हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

सल्ले भरपूर आले. सोजराबाई म्हणाल्या, "तुमी बी एक टेप घ्या की, बाई. आजकाल हातानं वाजवायचं कुनाला पटत न्हाई." दुसरी एक म्हणाली, पेटीला पॉलिश करून बघा. तिसरीनं उपास सुचवला. दुसऱ्याच्या पोरीला परत आणायला कुठला उपास करतात हेही तिला ठाऊक होतं, आणि ते चंद्रकांताला मुळीच आवडलं नाही.

शेवटी पुढच्या शनिवारी तिनं वाटीभर वालाचं बिरडं घेतलं आणि 'सहज' म्हणून पुष्पलताच्या दारात गेली. दार अर्धवट उघडं होतं. ती आत गेली नाही. वाटी हातात घेऊन उभी राहिली आणि ऐकू लागली. मुलं गोल बसली होती आणि सुलू पुष्पलताच्या मांडीवर होती. मांडीवर!

"सिंफनी म्हणजे खूप वाद्यांनी मिळून सांगितलेली एक मोठ्ठी गोष्ट," पुष्पलता सांगत होती. "तिला शब्द नसतात, पण चार भाग असतात. बीथोवनच्या आधीसुद्धा सिंफनी होत्या बरं का. त्याच्या गुरूंनीच शंभराच्या वर लिहिल्या. छान, नीटनेटक्या, राजेलोकांच्या दिवाणखान्यात शोभतील अशा. मग बीथोवननं काय केलं? त्यानं एवढुसा सूर घेतला. तीन आखूड, एक लांब. टटट-टाऽऽ! कुणीतरी दार ठोठावतंय असा. आणि तोच सूर पुन्हा पुन्हा, कधी हळू, कधी रागावून, कधी ह्या वाद्यात तर कधी त्या, असा फिरवत फिरवत त्यानं केवढी तरी गोष्ट उभी केली. पूर्वी तिसऱ्या भागात अदबीचा नाच असायचा. ह्यानं तिथं धावपळ आणि थट्टामस्करी आणली. ट्रॉम्बोन म्हणून एक लांबलचक वाद्य असतं, ते तोवर सिंफनीत सहसा नसायचं, ते ह्यानं आणलं. एका सिंफनीत तर वादळ आणलं, विजा आणल्या. आणि शेवटच्या, नवव्या सिंफनीत त्यानं चक्क माणसं उभी केली गायला!"

"पण तो तर बहिरा होता," सुलू म्हणाली.

"हो ना. तेव्हा तर त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. सगळं मनात ऐकून लिहिलं. सिंफनी संपली, लोक टाळ्या वाजवतायत, आणि ह्याची पाठ लोकांकडे. मग कुणीतरी त्याला धरून हळूच वळवलं, तेव्हा त्याला टाळ्या दिसल्या."

मुलं आणखी जवळ सरकली. दाराबाहेर चंद्रकांताही नकळत एक पाऊल पुढे आली, आणि नेमका त्याचाच तिला संताप आला. पुष्पलता वाईट सांगत असती तर काही प्रश्न नव्हता. वाईट सांगणाऱ्या बाईचा मत्सर करायला काही लागत नाही, तो करून आपण सुखानं झोपू शकतो. ही चांगलं सांगत होती. तेवढ्यात पुष्पलताची नजर वर गेली.

"अय्या, पेटीकाकू! या ना, बसा. तुम्हालाही कळेल."

तुम्हालाही! चंद्रकांता वाटी तिथेच ठेवून परत आली. वाटी तिच्या लग्नातली होती, तीही समोरच राहिली.

आठवड्याभरात शारदोत्सवाचे चिटणीस आनंदराव घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी हवापाण्याचं बोलून घेतलं, मग हळूच म्हणाले, "यंदा मुलांचा कार्यक्रम पुष्पलताबाईंकडे द्यावा असं चाललंय. 'बीथोवननं सिंफनी कशी बदलली', मुलांना समजेल असं. टेप लावून."

"टेप कशाला?" चंद्रकांता म्हणाली. पुढचं वाक्य आपल्याच तोंडून निघतंय हे तिला ते निघाल्यावर कळलं. "मी प्रत्यक्ष वाजवून दाखवते. वाद्यवृंद आणते."

आनंदरावांना आयुष्यात कुणालाच नाही म्हणता आलेलं नव्हतं, म्हणून तर ते सतत चिटणीस असत. ते खूश झाले. "मग झालंच की! त्या सांगतील, तुम्ही साथ करा."

साथ! इतकी वर्षं कार्यक्रम बसवला आणि आता साथ. आनंदराव गेल्यावर तिनं पेटी काढली आणि समोरून येणाऱ्या टेपच्या आवाजावरून ते सूर शोधले. प प प, आणि मग कोमल गंधार. पेटीवर ते दार ठोठावल्यासारखं न वाटता उशिरा येणाऱ्या पाहुण्यानं घसा खाकरल्यासारखं वाटत होतं. कमलाकांतनं वर्तमानपत्राआडून विचारलं, "कुणाला बरं नाही का?"

दुसऱ्या दिवशी सातपाटीची जमना मासळीची पाटी घेऊन आली. जमनाचा भाऊ पुंडलिक याचा लग्नाचा बॅण्ड होता. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही लग्नात अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा आवाज. चंद्रकांता उंबऱ्यात बसली खरी, पण तिचं लक्ष समोर होतं. समोरच्या ओट्यावर पुष्पलता सुलूचे केस विंचरत होती. सुलूला बीथोवन करायचं ठरलं होतं, कारण कुरळे केस आयतेच होते, आणि ते कसे विस्कटायचे याची तालीम चाललेली होती. आपण ते केस इतकी वर्षं सरळ करत आलो!

"जमना, तुझ्या भावाचा बॅण्ड मोकळा आहे का गं?"

"मोकलाच. लग्नं कुठं हायत आता? कोनाचं लगीन काडलाव?"

"लग्न नाही. बीथोवनची सिंफनी आहे."

"कोनाची कोन?"

"बीथोवनची सिंफनी."

"बरं, शिंफनी," जमना पापलेटाचे कल्ले काढत म्हणाली. "कुठली गो ती?"

"परदेशातली. व्हिएन्नाची." समोर पुष्पलतानं सुलूच्या गालाची पापी घेतली. चंद्रकांतानं इकडे मान फिरवली आणि मग पुन्हा तिकडे.

"बया! तिकडची लोकं येनार मग?"

"नाही गं, इथलीच मुलं. नाटकासारखं. सुलू बीथोवन होणार आहे. हे बघ, चार भाग असतात. पहिला जोरात. दुसरा शांत. तिसऱ्यात सगळी थट्टामस्करी, पळापळ. आणि शेवटी सगळे मिळून गातात."

"म्हंजे लगीनच की."

"तसंच समज," चंद्रकांता म्हणाली. पुढे जे काही झालं ते या दोन शब्दांमुळे झालं.

"आधीच्या आठ झाल्या, ही नववी," तिनं अभ्यास केलेला असल्यामुळे तो वाया जाऊ नये म्हणून पुढे सांगितलं.

जमनाचा कोयता थांबला. "आठ?"

"त्याच्या गुरूच्या तर शंभरावर होत्या."

"आनि ह्ये पोरांना शिकवता तुमी?"

"अगं, मोठा माणूस होता. त्यानं सिंफनी बदलली म्हणून तर एवढं नाव झालं."

"बदलली आनि नाव झालं! आमच्याकडं कोनी बदलली तर नाव नाय व्हत, जमात बसते निवाड्याला." जमनानं कोयता पुन्हा चालवला. "पन नाटकातलाच नवरा ना? मंग हरकत नाय. पुंडलिकला सांगते."

मग चंद्रकांतानं तिला ते चार सूर म्हणून दाखवले. जमनाचा गळा चांगला. तिनं ते पाटीबरोबर डोक्यावर घेतले आणि सातपाटीला पोचेपर्यंत विसरू नयेत म्हणून वाटेत त्यांना शब्द जोडले. "ये ये ये गोऽऽ!" पुंडलिकाला जे मिळालं ते हे असं.

कार्यक्रम संध्याकाळी पाचचा होता. बॅण्ड वेळेआधीच टेम्पोनं फाटकावर हजर झाला, आणि तिथेच अडला.

"ये क्या है?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"बाजा," पुंडलिक म्हणाला.

"ये तो पाइप है." पहारेकऱ्यानं ट्रॉम्बोनची नळी पुढे-मागे सरकवून पाहिली. पाइप म्हटला की वीजकेंद्राच्या माणसाचे कान उभे राहतात. "पाइप अंदर जाएगा तो पास लगेगा."

निरोप आला तशी चंद्रकांता नव्या साडीत धावली. पास देणारे कारकून शांत स्वभावाचे होते. त्यांनी विचारलं, वस्तू परत जाणार की इथेच राहणार? परत जाणार. यंत्र की फर्निचर? दोन्ही नाही, वाद्य. तसा रकाना नव्हता. बराच खल झाला. शेवटी ट्रॉम्बोन यंत्रांत गेला, आणि मोठ्या ढोलाला 'टेबल, गोल, लाकडी' म्हणून प्रवेश मिळाला. खाली चंद्रकांतानं सही केली. एका संगीत शिकवणाऱ्या बाईनं ढोलाला टेबल म्हणून सही करावी, हा अपमान कुणी पाहिला नाही एवढंच समाधान होतं. पण मागे वळून बघते तो पुष्पलताचा नवरा रांगेत उभा! तो हसला. सौजन्यानं हसला असेल, पण हसला.

ती मांडवात पोचली तेव्हा पुष्पलताचं सुरू झालेलंच होतं. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात तिनं रेशमी साडीवर व्हिएन्नाचा लोकरी कोट घातला होता. व्यासपीठावर सुलू, नवऱ्या मुलासारखा काळा कोट गुडघ्यापर्यंत, केस चौफेर, आणि कानांत कापसाचे बोळे. ते बोळे चंद्रकांतानंच घातले होते. बहिरेपण खरं वाटावं म्हणून कारण सांगितलं होतं. पण निदान कार्यक्रमभर तरी पुष्पामावशीचं एकही वाक्य त्या कानांत जाऊ नये, हेही त्यात होतं.

बॅण्डसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. पुंडलिकानं त्यांच्याकडे पाहिलं.

"बसून वाजवायचा? बाय, बसून आमी मयताला पन वाजवला नाय."

"बरं, उभे राहा," चंद्रकांता म्हणाली. वाजवताना हे लोक उभेही राहत नाहीत, हे तिला कुठून माहीत असणार! जन्मात त्यांनी वाजवलं ते चालतच.

"...आणि मग, मुलांनो," पुष्पलता ध्वनिक्षेपकात म्हणाली, "बीथोवननं सिंफनीच्या दारावर थाप मारली!"

चंद्रकांतानं हात उचलला. पुंडलिकानं छाती फुगवली.

टटट-टाऽऽ!

त्या आवाजाचं वर्णन करता येत नाही. मांडवाचे पत्रे थरथरले. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायचं थांबलं. पुष्पलताचा हात आपोआप तिच्या छातीवर गेला, तोंड उघडं राहिलं. टेपमधून असा आवाज तिनं कधी ऐकलेलाच नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना वाचता येत होतं. आणि सुलूनं, कानांत बोळे असूनही ते ऐकू आलेल्या सुलूनं, व्यासपीठावरून थेट चंद्रकांताकडे पाहिलं आणि पडलेल्या दातांतून हसली. बीथोवन गेला खड्ड्यात. चंद्रकांताला तेवढंच हवं होतं. कार्यक्रम त्या क्षणी संपला असता तर ती जिंकली होती.

पुंडलिकानं थाप आणखी एकदा मारली. मग सिंफनी संपली, म्हणजे त्याच्याजवळ होती तेवढी संपली, आणि त्याच्याच पोटातून सातपाटीचं एक लग्नातलं गाणं बाहेर आलं. गाण्याबरोबर पाय उचलला गेला. लाल कोट डुलायला लागले.

"नवरा म्होरं!" पुंडलिक ओरडला, आणि त्यानं सुलूला अलगद उचलून बॅण्डच्या पुढे ठेवलं.

सुलू चालू लागली. नवरा चालतो म्हटल्यावर बॅण्ड निघाला, बॅण्डमागे मुलं निघाली. पुष्पलता ध्वनिक्षेपकातून ओरडत होती, "मुलांनो, दुसरा भाग संथ असतो! संथ!" आनंदराव दोन्ही हात पसरून आडवे आले, तर त्यांना मुलीचे मामा समजून दोघांनी नाचायला ओढलं, आणि नाही म्हणता न आल्यामुळे ते नाचले. सोजराबाईंनी एक जुळं या कडेला आणि दुसरं त्या कडेला घेऊन ठेका धरला. सगळा मांडव उठून चालू लागला, आणि रिकाम्या खुर्च्यांत कमलाकांत तेवढा बसून राहिला. त्याला वाटलं, हा तिसरा भाग.

फाटकावर तरी अडतील, या आशेनं चंद्रकांता पळत होती. आत येताना ज्या पाइपसाठी तासभर अडवलं होतं तो पाइप वाजत वाजत आला, तेव्हा पहारेकऱ्यानं स्वतः आडवा दांडा वर केला आणि हात जोडले. वरातीला कोण अडवतो!

बोईसर-तारापूर रस्त्यावर वरात लागली. मागून दोघी पळत होत्या. एकीच्या अंगावर लोकरी कोट, दुसरीच्या अंगावर नवी साडी.

"तुम्ही त्यांना सिंफनी समजावलीच नाहीत!" पुष्पलता धापा टाकत म्हणाली.

"चारही भाग समजावले!"

"टेप लावला असता तर हे झालं नसतं."

"टेपला असं वाजवता आलं असतं का? छातीवर हात कुणाचा गेला होता?"

पुष्पलतानं कोटाची बटणं सोडली. एक ट्रक जाईपर्यंत दोघी कडेला थांबल्या, मग पुन्हा पळू लागल्या. "सुलू! सुलू!" दोघींनी हाका मारल्या. सुलू ऐकत कशी नाही, असं पुष्पलतानं विचारलं, तेव्हा चंद्रकांतानं पळण्याचा वेग वाढवला. बोळे तिनं अगदी घट्ट बसवले होते.

जमना वरातीच्या कडेनं ठेक्यात चालत होती. चंद्रकांतानं तिचा दंड धरला. "जमना, थांबव गं त्यांना!"

"मी कशी थांबवू? नवरीच्या आयनं पुढं येऊन ओवाळल्याबिगर वरात थांबत नाय."

"कुठली नवरी?"

"आता मला इचारता? शिंफनी!"

"सिंफनी काय नवरी आहे?"

"तुमीच म्हनलाव, लगीनच समज. आठ झाल्या नि ही नववी. मी तेवाच पुंडलिकला बोलली, लोक शिकलेले हायत, आपन बोलायचं नाय."

चंद्रकांता रस्त्याच्या मध्येच उभी राहिली. मग एकदम तिनं पानाच्या टपरीकडे धाव घेतली. ताम्हन नव्हतं, पण डब्याचं झाकण होतं. निरांजन नव्हतं, पण विड्या पेटवायला टांगलेली जळती सुंभाची दोरी होती. कुंकवाच्या जागी काथ. झाकणात दोन सुपाऱ्या टाकून ती वळली, तर झाकणाची दुसरी कड पुष्पलतानं पकडलेली होती.

दोघी तशाच, एका झाकणाला धरून, वरातीसमोर आडव्या गेल्या. पुंडलिकानं हात वर केला. बॅण्ड जागच्या जागी पाय हलवू लागला, ढोल तेवढा हळू वाजत राहिला. त्यानं विधीप्रमाणे विचारलं,

"नवरीची आय कोन?"

"मी!" दोघी एकदम म्हणाल्या.

सगळी वसाहत बघत होती. आनंदराव मामा म्हणून पुढेच होते, पण मामानं यात पडू नये हे त्यांना कळत होतं. पुंडलिकानं असली भांडणं बरीच पाहिली असावीत. त्यानं शांतपणे पुढचा प्रश्न टाकला.

"दोगी असाल तर मोटी कोन? मोटी ओवाळील."

ढोल हळू वाजतच होता. पुष्पलता दीड वर्षानं मोठी होती. हळदीकुंकवाच्या बोलण्यात एकदा तिच्या तोंडून ते निसटलं होतं आणि चंद्रकांतानं तेव्हापासून जपून ठेवलं होतं, केव्हातरी कामाला येईल म्हणून. पुष्पलतानं तोंड उघडलं. तिनं सुलूकडे पाहिलं. मग जमलेल्या सगळ्या बायकांकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

एवढ्याशा वेळात चंद्रकांताला सगळं दिसलं. चाळिशी जवळ आलेल्या बाईनं भर रस्त्यात, अख्ख्या वसाहतीसमोर, वयाबद्दल बोललेला एक शब्द जन्मभर चिकटून राहतो, तेही दिसलं.

"मी मोठी," ती म्हणाली.

"हो, हो," पुष्पलता घाईनं म्हणाली, "त्याच मोठ्या. चांगल्याच मोठ्या." आणि तिनं झाकण सोडलं.

चंद्रकांतानं सुलूच्या कपाळाला काथ लावला, तिच्याभोवती दोरीचा धूर ओवाळला. ढोल थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुलूला ऐकू येईना, म्हणून चंद्रकांतानं तिला खांद्याला धरून हळूच वळवलं, तशी ती हसली आणि हात वर केले. टाळ्यांना उत्तर म्हणून केले असं सगळ्यांना वाटलं, पण तिला फक्त उचलून घ्यायला हवं होतं. चालून चालून तिचे पाय दुखत होते. पुष्पलताही वाकली होती; तिच्या लोकरी कोटात ती जरा सावकाश वाकली.

सहा वर्षांची पोर जड असते. चंद्रकांता तिला घेऊन वसाहतीच्या आत आली तेव्हा सरळ घरचा रस्ता सोडून ती दवाखान्यावरून गेली, मग शाळेवरून, मग दुकानांवरून. मागून पुष्पलता चालत होती आणि त्या कुरळ्या डोक्याकडे बघत होती. ती नजर कसली ते चंद्रकांताला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन महिने तिनं स्वतः ती समोरच्या खिडकीकडे लावलेली होती. तिला दया यायला हवी होती. आलीही थोडी. पण दुकानांवरून वळल्यावर ती पोस्टावरूनही गेली.

कमलाकांत वाटेत भेटला. खुर्च्या मोजून देऊन तो घरी निघाला होता. बातमी त्याच्या आधीच वसाहतभर पोचली होती.

"तू मोठी कधीपासून झालीस?" त्यानं विचारलं.

सुलूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत चंद्रकांता म्हणाली, "आजपासून. आणि हळू बोला, ती झोपलीय."